ग्रेप्पोचा सातबारा

2016 साल सरत आले असताना इटलीच्या तोस्काना प्रांतातून एक बातमी बाहेर पडली. सिएना शहराच्या दक्षिणेला मोंताल्चिनो नावाचे टेकडीवरचे गाव आहे. त्या गावच्या शिवारातील इल ग्रेप्पो या मळ्यात सव्वाशेहून अधिक वर्षे वाइन करणाऱ्या बियोंदी-सांती घराण्याने आपल्या व्यवसायाचा मोठा हिस्सा ईपीआय या फ्रेंच कंपनीला विकला. ईपीआय ही देकूर कुटुंबाची कंपनी. पिपर-हाइडसीक आणि शार्ल हाइडसीक या शांपेनच्या दोन जुन्या पेढ्या तिने 2011 साली विकत घेतल्या होत्या, आणि फ्रान्समध्ये उंची जोड्यांसाठी प्रसिद्ध असलेले वेस्टन हे नावही तिच्याच मालकीचे. ब्रुनेलो ही इटलीतील सर्वांत मानाच्या लाल वाइनपैकी एक आणि ती ज्या घरात जन्मली ते हे घर, त्यामुळे हळहळ व्हायची ती झालीच. परक्यांच्या हाती मळा गेला, आता परंपरा संपली, असा सूर उमटला. या हळहळीच्या मुळाशी एक गृहीत आहे: रक्ताचा वारस परंपरा राखतो आणि पैसे मोजून आलेला परका ती मोडतो. ग्रेप्पोचा दीडशे वर्षांचा इतिहास क्रमाने वाचला तर हे गृहीत टिकत नाही. या मळ्यात जे काही मोडले गेले ते घरच्यांनीच मोडले, आणि जे मोडायचे नाही असे ठरले त्याची राखण करण्याची सर्वांत कडक सक्ती आज परक्या मालकावर आहे. वारसाला वारसा उधळणे परवडते, कारण तो त्याला फुकट मिळालेला असतो. ज्याने त्याची किंमत मोजली त्याला ते परवडत नाही.

सुरुवात करावी लागते ती क्लेमेंते सांती या औषधविक्रेत्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनाची जाण असलेला आणि शेतीवर लेख लिहिणारा हा माणूस ग्रेप्पोत वाइनचे प्रयोग करत होता. मोंताल्चिनोचे नाव त्या काळी मोस्कादेल्लो या गोड पांढऱ्या वाइनसाठी घेतले जाई. लाल वाइन ही रोजच्या जेवणाची, वर्षभरात संपवायची गोष्ट होती. क्लेमेंतेच्या 1865 सालच्या निवडक लाल वाइनला 1869 मध्ये मोंतेपुल्चानोच्या कृषी प्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि त्या नोंदीत ‘ब्रुनेलो’ हा शब्द आला. सांज्योवेझे या द्राक्षाच्या स्थानिक प्रकाराला गावकरी त्या नावाने ओळखत. क्लेमेंतेची मुलगी कातेरिना हिने याकोपो बियोंदी या फ्लोरेन्सच्या डॉक्टरशी लग्न केले आणि त्यांच्या मुलाने, फेरुच्चोने, आजोबांचे आडनाव वडिलांच्या आडनावाला जोडून घेतले. म्हणजे ज्या घराण्याच्या अखंडतेचे एवढे कौतुक होते त्याच्या पहिल्याच पायरीवर मळा मुलीच्या हातून दुसऱ्या आडनावाच्या घरात गेलेला आहे. सातबाऱ्यावरचे नाव बदलणे ही ग्रेप्पोला 2016 साली प्रथमच कळलेली गोष्ट नव्हे.

फेरुच्चो बियोंदी-सांती हा या इतिहासातला खरा बंडखोर. सतराव्या वर्षी तो गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांबरोबर 1866 च्या लढाईत गेला होता, आणि परतल्यावर मळ्यात त्याने जे केले तेही एक प्रकारचे बंडच होते. त्याच्या काळी तोस्कानातल्या चांगल्या वाइनची व्याख्या ठरलेली होती. इटलीचे दुसरे पंतप्रधान झालेले बेत्तीनो रिकासोली यांनी 1872 साली पिसा विद्यापीठातील एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात कियांती वाइनचे गणित मांडले होते: सुगंध आणि जोम यांसाठी सांज्योवेझे, त्याचा कठोरपणा मऊ करण्यासाठी कानायोलो, आणि वाइन लवकर प्यायची असेल तर माल्वासिया हे पांढरे द्राक्ष. त्यात भर म्हणून बहुतेक शेतकरी थोडी द्राक्षे वाळवून ठेवत आणि पहिले आंबवण संपत आले की त्यांचा रस घालून ते पुन्हा चेतवत. वाइन गोडसर, हलकी, लगेच विकता येणारी होई. फेरुच्चोने हे सगळे बाजूला सारले. पांढरे द्राक्ष नाही, मिश्रण नाही, चेतवणे नाही. भुरी आणि फायलोक्सेरा या संकटांनी युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त होत असताना त्याने आपल्या मळ्यातल्या निवडक सांज्योवेझे वेलींची कलमे करून बाग उभी केली, एकाच द्राक्षाची वाइन केली आणि ती ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवत ठेवली. 1888 च्या हंगामाची ती वाइन म्हणजे आज आपण ज्याला ब्रुनेलो म्हणतो तिचा आरंभ. शेजाऱ्यांच्या नजरेतून पाहिले तर हा वेडेपणा होता. ज्या मालाचे पैसे पुढच्या उन्हाळ्यात हाती यायचे तो दहा वर्षे तळघरात कोंडून ठेवायचा, तोही अशा चवीसाठी जी तरुणपणी जिभेला ओरबाडते. आज ज्याला मोंताल्चिनोची परंपरा म्हणतात ती एका माणसाने गावाची परंपरा मोडून तयार केलेली आहे, ही गोष्ट शोक करणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावी.

हा भंग परंपरा झाला तो फेरुच्चोचा मुलगा तांक्रेदी याच्या हातून. तांक्रेदी शिकलेला वाइनतज्ज्ञ होता, आणि त्याचा स्वभाव जमवण्याचा आणि जपण्याचा होता. ‘रिझेर्व्हा’ हे नाव द्यायला हे घर किती कंजूष होते याचा एकच पुरावा पुरे: 1888 पासून 1945 पर्यंतच्या सत्तावन्न वर्षांत फक्त चार हंगामांना, म्हणजे 1888, 1891, 1925 आणि 1945 ला ते मिळाले. बाकीची वर्षे चांगली असतील, पण या घराला पुरेशी चांगली वाटली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात 1944 साली आघाडी तोस्कानातून सरकू लागली तेव्हा तांक्रेदीने जुन्या बाटल्या भिंतीआड चिणून टाकल्या. सैन्य आले, गेले, बाटल्या वाचल्या. इतिहासाचा ऐवज म्हणून वाइनकडे पाहण्याची नजर इथे तयार झालेली दिसते, कारण विकायचा माल एवढ्या मायेने कोणी भिंतीत पुरत नाही. 1932 सालच्या सरकारी अहवालाने ब्रुनेलो ही या घराची निर्मिती असल्याचे नमूद केले होते. 1966 मध्ये मोंताल्चिनोच्या ब्रुनेलोला कायद्याने संरक्षित नाव मिळाले, तेव्हा त्याच्या नियमांवरही तांक्रेदीच्या पद्धतीची छाप होती. फक्त सांज्योवेझे, लाकडी पिंपात दीर्घ मुरवण, बाजारात येण्याआधी वर्षांची प्रतीक्षा. एका घरची रीत अशी सगळ्या गावाचा कायदा बनली. 1969 मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष साराग्गात यांनी लंडनच्या इटालियन वकिलातीत राणी एलिझाबेथला मेजवानी दिली, तेव्हा टेबलावर 1955 ची बियोंदी-सांती रिझेर्व्हा होती. पुढे 1999 साली ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकन मासिकाने विसाव्या शतकातील डझनभर श्रेष्ठ वाइन निवडल्या, त्यात इटलीची एकच होती, आणि ती हीच.

तांक्रेदी 1970 मध्ये गेला आणि मळा फ्रांकोकडे आला. फ्रांको बियोंदी-सांतीला काळाने एक विचित्र जागा दिली. बापाला आणि आजोबाला जे एकट्याने करावे लागले ते आता सगळे गाव करत होते. 1967 च्या सुमारास मोंताल्चिनोत ब्रुनेलोच्या बागा साठ-पासष्ट हेक्टरांवर होत्या. आज त्या दोन हजार हेक्टरांच्या पुढे गेल्या आहेत. 1978 मध्ये अमेरिकेतल्या मारियानी बंधूंनी बान्फी ही प्रचंड वायनरी इथे उभी केली आणि ब्रुनेलोला सातासमुद्रापलीकडे बाजार मिळवून दिला. 1980 मध्ये सर्वांत वरच्या दर्जाचे कायदेशीर संरक्षण ज्या पहिल्या मोजक्या वाइनना मिळाले त्यांत ब्रुनेलो होती. मागणी वाढली तशी चवही बदलू लागली. 1990 च्या दशकात अमेरिकन समीक्षकांना गडद, दाट, ओकच्या व्हॅनिलाचा वास असलेली वाइन आवडत होती, आणि त्यासाठी फ्रेंच पद्धतीचे 225 लिटरचे नवे पिंप लागे. त्या पिंपाला ‘बारिक’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव अगदी चपखल वाटावे, कारण मोंताल्चिनोच्या पारंपरिक पिंपात हजारो लिटर मावतात. फ्रांकोने बारिकला तळघरात पाऊल ठेवू दिले नाही. स्लाव्होनियाच्या ओकची जुनी मोठी पिंपे त्याने कायम ठेवली. फ्लोरेन्स विद्यापीठाच्या मदतीने घरच्याच सांज्योवेझेचा एक वाण निवडून घेतला, त्याची बीबीएस-11 या नावाने नोंद झाली. आणि त्याने वेलींच्या वयाची शिस्त पाळली: दहा वर्षांच्या आतल्या वेलींची द्राक्षे साध्या रोस्सो वाइनला, दहा ते पंचवीस वर्षांच्या वेलींची ब्रुनेलोला, आणि पंचविशी ओलांडलेल्या वेलींचीच रिझेर्व्हाला, तीही वर्ष उत्तम असेल तरच.

आता याच काळात बाकीच्या गावाने, म्हणजे इटालियन मालकांनी, घराण्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून काय केले ते पाहावे. सुरुवातीच्या नियमात पिंपात मुरवण्याची मुदत सुमारे साडेतीन वर्षे होती. ती टप्प्याटप्प्याने उतरत शतकाच्या शेवटी दोन वर्षांवर आली. 2008 मध्ये सिएनाच्या सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली की ब्रुनेलोच्या नावाखाली काही उत्पादक दुसरी द्राक्षे मिसळत आहेत का. प्रकरण एवढे चिघळले की अमेरिकेने आयातीसाठी शंभर टक्के सांज्योवेझेची हमी मागितली. 2011 मध्ये तर गावच्या उत्पादक संघातच प्रस्ताव आला की निदान धाकट्या रोस्सो वाइनमध्ये दुसरी द्राक्षे चालू द्यावीत. नव्वदीला टेकलेल्या फ्रांकोने त्याला जाहीर विरोध केला आणि मतदानात प्रस्ताव पडला. तो पडला हे खरे, पण प्रस्ताव आला होता तो गावातूनच. फ्रांकोच्या तोंडी परंपरेची भाषा होती, तरी वस्तुतः तो आपल्याच शेजाऱ्यांविरुद्ध लढत होता.

आणि शेजाऱ्यांविरुद्धच नव्हे. त्याचा मुलगा याकोपो हा नव्या चवीचा माणूस होता. वाइनच्या पद्धतीवरून बापलेकांत मतभेद झाले आणि 1990 च्या दशकात याकोपोने ग्रेप्पोबाहेर स्वतःची वाट धरली. त्याची सास्सोआल्लोरो ही वाइन सांज्योवेझेचीच, पण बारिकमध्ये मुरवलेली, तरुणपणीच पिण्याजोगी. स्किदिओने या दुसऱ्या वाइनमध्ये त्याने सांज्योवेझेबरोबर काबेर्ने आणि मर्लो ही फ्रेंच द्राक्षे घेतली. समुद्राकडच्या मारेम्मा भागात मोंतेपो नावाचा किल्ला घेऊन तिथे त्याने स्वतःची बाग केली. याकोपोला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या वाइन विकल्या गेल्या, नावाजल्या गेल्या. उलट पणजोबा फेरुच्चोशी त्याचे नाते वडिलांपेक्षा जवळचे होते असे म्हणता येईल, कारण दोघांनीही बापजाद्यांची रीत बाजूला ठेवून पाहिली. 2013 च्या वसंतात फ्रांको एक्क्याण्णवाव्या वर्षी वारला, याकोपो ग्रेप्पोला परतला आणि तीन-साडेतीन वर्षांत हिस्सा विकला गेला. रक्ताने पुढे जाणाऱ्या परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा क्रम अडचणीचा आहे. आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यांना हे जुने ठाऊक आहे. किराण्याची गायकी मुलांपेक्षा शिष्यांनी दूरवर नेली.

नव्या मालकाने काय केले? 2018 मध्ये फ्रेस्कोबाल्दी या तोस्कानातल्याच जुन्या वाइन घराण्याच्या व्यवसायातून आलेले ज्यांपिएरो बेर्तोलीनी मुख्याधिकारी झाले. फ्रेंच द्राक्षे आली नाहीत, बारिक आले नाही. मोठी पिंपे राहिली. मळ्याच्या जमिनीचा तुकड्यातुकड्याने अभ्यास करून घेतला गेला आणि प्रत्येक तुकड्याची द्राक्षे वेगळी आंबवण्याकडे कल वाढला. बाजारात येण्याची घाई करण्याऐवजी बाटल्या कायद्याच्या किमान मुदतीपेक्षा जास्त काळ थांबवून ठेवण्याचे धोरण आले. तळघरातल्या जुन्या रिझेर्व्हांच्या साठ्याला ‘ला स्तोरिका’, म्हणजे ऐतिहासिक संग्रह, असे नाव देऊन त्यातले निवडक हंगाम पुन्हा बाजारात आणले जाऊ लागले. या प्रत्येक निर्णयाचा रोख एकच दिसतो: भूतकाळ अधिक नेटका, अधिक मोजलेला, अधिक दर्शनी करणे. याला भक्ती म्हणण्याची गरज नाही, साधा हिशेब आहे. पंचवीस-तीस हेक्टरांचा मळा काही फार मोठा नाही. तेवढी जमीन तोस्कानात आणखी कितीतरी ठिकाणी मिळाली असती. कंपनीने पैसे मोजले ते 1888 साठी, 1891 साठी, भिंतीआडच्या बाटल्यांसाठी. तिने पद्धत बदलली असती तर स्वतःच विकत घेतलेल्या मालाची किंमत स्वतःच उतरवली असती.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो कियांतीमधून, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्रोलिओचा किल्ला रिकासोली घराण्याकडे बाराव्या शतकापासून आहे. ज्यांच्या पत्राचा वर उल्लेख आला त्या बेत्तीनोंचेच हे घर. 1970 च्या दशकात या घराण्याने वाइनचा व्यवसाय आणि नाव सीग्राम या मद्यउद्योगातील बड्या कंपनीकडे जाऊ दिले. पुढे ते ऑस्ट्रेलियाच्या हार्डी कंपनीच्या हाती गेले. त्या वर्षांत नावाची पत घसरली. हार्डीलाही हा सौदा तोट्याचा गेला. 1993 मध्ये फ्रांचेस्को रिकासोली यांनी कारभार परत घराण्याकडे आणला, बागा नव्याने लावल्या आणि ब्रोलिओला पुन्हा मान मिळवून दिला. इथे परक्याने बिघडवले आणि रक्ताच्या वारसाने सावरले, मग ग्रेप्पोचा सिद्धान्त कुठे राहिला? उत्तर सौद्याच्या स्वरूपात आहे. सीग्रामने घेतले ते एक ओळखीचे नाव, जे लाखो बाटल्यांवर चिकटवता येईल. कियांती तेव्हा स्वस्त, गवताच्या वेष्टनातल्या बाटलीत जगभर जाणारी वाइन होती, आणि तिची किंमत प्रमाणात होती, दुर्मीळपणात नव्हती. ज्याने प्रमाण विकत घेतले तो प्रमाणच वाढवणार. दुसरे म्हणजे फ्रांचेस्कोंनी परंपरा राखली असे म्हणताना ती कुठली, हे विचारायला हवे. बेत्तीनोंच्या गणितातले पांढरे माल्वासिया त्यांच्या आजच्या मानाच्या वाइनमध्ये नाही. तरी या उदाहरणाने माझ्या म्हणण्याला एक अट घातली आहे, आणि ती मान्य करतो. परका मालक परंपरा राखतो ते त्याने परंपरेची किंमत मोजली असेल तरच, आणि ती किंमत जोवर बाजारात टिकते तोवरच. उद्या जुन्या, आंबटसर, वीस वर्षे थांबायला लावणाऱ्या वाइनची हौस ओसरली तर कंपनीचा हिशेब बदलेल. फ्रांकोने ही हौस ओसरलेली असतानाही पिंपे बदलली नव्हती, आणि त्या बाबतीत त्याची बरोबरी कोणतीही कंपनी करू शकत नाही.

दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. नव्या व्यवस्थेतल्या वाइन तरुणपणी पूर्वीपेक्षा सौम्य लागतात, असे काही जाणकार म्हणतात. असेलही. द्राक्ष केव्हा तोडायचे, रस सालींवर किती दिवस ठेवायचा, हे निर्णय कुठल्याच कायद्यात नाहीत आणि जाहिरातीत दिसत नाहीत. तिथे बदल गुपचूप होऊ शकतो. त्यात हवामानाचा भाग किती आणि हाताचा किती हे ठरवणे अवघड आहे, कारण मोंताल्चिनोचे उन्हाळेही फ्रांकोच्या तरुणपणाइतके थंड राहिलेले नाहीत. ग्रेप्पोची बाग सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. जी उंची एके काळी द्राक्ष पिकेल की नाही ही धास्ती घाली तीच आता वरदान ठरते आहे. किमतीची तक्रार मात्र मला लटकी वाटते. रिझेर्व्हा फ्रांकोच्या काळीही सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती, आणि फ्रेंच येण्याआधी मोंताल्चिनोचा शेतमजूर ती रोज पीत होता असे कोणी म्हणत नाही.

खरे नुकसान आहे ते दुसरीकडे, आणि हळहळ करणाऱ्यांचे त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ग्रेप्पोत आता फेरुच्चो जन्मू शकत नाही. मालक असलेल्या तरुणाला चुकण्याचा हक्क असतो. तो बापाची पद्धत टाकून देऊ शकतो, दहा वर्षे माल कोंडून ठेवू शकतो, तोंडघशी पडू शकतो, आणि हजारात एखादा नवी वाइन निर्माण करतो. पगारी मुख्याधिकारी, मग तो कितीही रसिक असो, संचालकांपुढे असे बोलू शकत नाही की एकशेतीस वर्षांची रीत मला पटत नाही, मी काही वेगळे करून पाहतो. त्याची नेमणूकच ती रीत सांभाळण्यासाठी आहे. परंपरा निर्माण करणारा मळा आता परंपरा राखणारा मळा झाला. कौटुंबिक मालकीत दोन्ही गोष्टी एकाच घरात, कधी बापलेकांच्या भांडणाच्या रूपाने का होईना, नांदत होत्या. म्हणूनच 2016 च्या व्यवहाराबद्दल माझा निवाडा शोक करणाऱ्यांच्या बरोबर उलट आहे: ब्रुनेलोची जुनी वाइन या हातांत सुरक्षित आहे, धोका आहे तो अजून न झालेल्या वाइनला.

नव्या मालकांच्या हातच्या वाइनची परीक्षा मात्र आज कोणालाच घेता येणार नाही. आतापर्यंत त्यांनी रिझेर्व्हा म्हणून जे काही बाटलीत भरले असेल ते फ्रांकोने किंवा त्याच्या आधीच्यांनी लावलेल्या वेलींचे आहे. फ्रांकोचा पंचवीस वर्षांचा नियम पाळला, तर मालकी बदलल्यानंतरच्या पहिल्या वसंतात, म्हणजे 2017 मध्ये, लावलेल्या वेलीची द्राक्षे रिझेर्व्हासाठी पहिल्यांदा तोडली जातील ती 2042 च्या हंगामात, आणि कायद्याप्रमाणे ती बाटली 2048 च्या जानेवारीआधी दुकानात येऊ शकत नाही.